शेषाद्री बंधू आणि बेथेल
1843 मध्ये मुंबईत नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने स्कॉटिश मिशनमध्ये बाप्तिस्मा घेतला. मिशनऱ्यांचा भर माणसाच्या मनातल्या पापाच्या जाणिवेवर होता; त्याच्या समाजाला मात्र झोंबली ती चारचौघांतली नाचक्की. धाकटा भाऊ श्रीपतही मिशनऱ्यांकडे राहू लागला, तेव्हा वडील कोर्टात गेले आणि मुलाचा ताबा त्यांना मिळाला. श्रीपतचा बाप्तिस्मा झालेला नव्हता, पण मिशनऱ्यांच्या घरी तो जेवला होता. तेवढ्यावर तो बाटला ठरला. प्रायश्चित्त देऊन त्याला जातीत परत घ्यावे, अशी खटपट बाळशास्त्री जांभेकरांनी केली. कर्मठांनी ती हाणून पाडायचा चंग बांधला, आणि मुंबईची ब्राह्मण मंडळी दुभंगली. पोराची श्रद्धा कशावर होती, हा या वादातला मुद्दाच नव्हता. भांडण होते पंक्तीचे.

पुढे नारायण शेषाद्री निजामाच्या मुलखात जालन्याला गेले. जालन्याजवळ, निजामाचे दिवाण सालारजंग यांच्या कारभारात मिळालेल्या जमिनीवर त्यांनी बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवले. तिथे आले ते प्रामुख्याने मांग समाजातले लोक. पंक्तीत ज्यांना जागाच नव्हती, त्यांना वाळीत टाकण्याची धमकी ती काय देणार? त्यांच्या आयुष्यातले भय निराळे होते: पटकीची साथ, मरीआईचा कोप, गावकीचा जाच. अशा माणसांना प्रवचनातल्या पापमुक्तीपेक्षा हक्काचा आसरा आणि शाळा जवळची वाटली असल्यास नवल नाही.

पापाची उघड कबुली मोठ्या प्रमाणावर दिसली ती 1905 मध्ये, केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये. तिथे मुली तासन्‌तास रडत, मोठ्याने प्रार्थना करत.