घरकुलाचे पैसे आहेत, पण जागा कुठे आहे?

"सरकार घरासाठी पैसे देतं, यांनाच घर बांधायचं नाही," हे वाक्य पंचायत समितीच्या आवारात आणि चहाच्या टपरीवर सर्रास ऐकू येतं. माहूर-किनवटच्या वस्त्यांचा इतिहास ज्याला माहीत आहे, तो असं बोलणार नाही. आमचं म्हणणं सरळ आहे: आमचा बेघरपणा निधीच्या टंचाईतून आलेला नाही, तो जमीन नाकारण्यातून आला आहे.

महारवाडा आणि मांगवाडा गावकुसाबाहेर होते. तिथल्या झोपडीचा आधार गावकी होता, मालकीचा कागद नव्हता. किनवट-माहूरचा हा मुलूख १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातल्या आदिलाबाद जिल्ह्यात होता आणि निजामाचं दप्तर उर्दूत चालायचं. ज्यांना शाळेची पायरी चढू दिली नाही, त्यांचं नाव त्या दप्तरात कोण लिहिणार होतं?

म्हणून आंबेडकरी चळवळीने जमीन मागितली. १९५३ मध्ये मराठवाड्यात गायरानासाठी सत्याग्रह झाला. ६ डिसेंबर १९६४ पासून दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांनी देशभर तुरुंग भरले. त्याचं उत्तर १९७८ मध्ये मिळालं. २७ जुलैला विधिमंडळाने नामांतराचा ठराव केला आणि मराठवाडाभर दलितांची घरं पेटली. नांदेड जिल्ह्यात पोचिराम कांबळे यांना ठार मारलं गेलं. राग विद्यापीठाच्या नावाचा होताच, पण गायरान कसणारा आणि गावकी नाकारणारा माणूसही सलत होता. हजारो लोक एका रात्रीत बेघर झाले. त्याला आपण दंगल म्हणतो, पण ती घरं काढून घेण्याचीही मोहीम होती.

१९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंत भूमिहीनांनी गायरानावर केलेली शेतीची अतिक्रमणं नियमित करायचं ठरवलं. तरी गावोगाव प्रकरणं पडून राहिली. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग खटल्यात गायरानं मोकळी करायला सांगितलं. त्याच निकालात भूमिहीन मजूर आणि अनुसूचित जाती-जमातींना सरकारने दिलेल्या पट्ट्यांचा अपवादही आहे. नोटीस काढताना अपवाद विसरला जातो, आदेश मात्र लक्षात राहतो.

माहूरला आणखी एक अडचण आहे, ती जंगलाची. वनहक्क कायद्यात आदिवासींना १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवावा लागतो. बौद्ध, मातंग कुटुंबं 'इतर पारंपरिक वननिवासी' ठरतात, म्हणून त्यांना त्याआधीच्या ७५ वर्षांचा, म्हणजे १९३० पासूनचा पुरावा द्यावा लागतो. जे दप्तर आमचं नाव लिहीत नव्हतं, त्याच दप्तराचा पुरावा आज आमच्याकडे मागतात!

आता निधीकडे या. २००८ पासून रमाई आवास योजना आहे. ग्रामीण भागात सुमारे १ लाख २० हजार आणि नगरपंचायत क्षेत्रात अडीच लाख मिळतात, पण आधी स्वतःच्या जागेचा कागद लागतो. जागा घ्यायला २०१५ पासून ५० हजारांची मदत होती, पुढे ती एक लाख झाली. गावठाणालगत एवढ्यात किती जागा मिळते, हे कुणीही सांगेल. शिवाय मागासवर्गीयांसाठी ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाचे १५ टक्के आणि जिल्हा परिषदेने २० टक्के खर्च करायचे असतात. हा पैसा बहुतेक वेळा सिमेंट रस्ता आणि समाजमंदिराला जातो.

२०२५ मध्ये माहूरगडाच्या विकासासाठी ८२९ कोटींचा आराखडा मंजूर झाला. भाविकांच्या सोयीला आमचा विरोध नाही. पण गडासाठी जागा, मोजणी, परवानगी सगळं सापडतं, मग गडाखालच्या मजुराला पाचशे चौरस फूट का सापडत नाही?

म्हणून ग्रामसभेत आणि नगरपंचायतीत घरकुलाची यादी मागण्याआधी जागेची यादी मागा. गायरानावर आणि वनजमिनीलगत राहणाऱ्या प्रत्येक कुटुंबाची मोजणी, नमुना आठला नोंद आणि पट्टा मागा. १५ आणि २० टक्क्यांचा हिशेब लेखी मागा आणि त्यातला पहिला पैसा मोजणीवर घालायला लावा. पायाखालची जमीन नावावर असेल, तरच डोक्यावरचं छप्पर टिकतं.

जय भीम!