तणाचा रकाना

मुंबई इलाख्याच्या जमाबंदी मोजणीत जी साखळी शेतोशेत फिरली ती ३३ फूट लांबीची होती. तिचे १६ भाग पाडलेले असत, प्रत्येक भागाला आणा म्हणत, त्या साखळीने चारी बाजूंनी मापलेला चौरस म्हणजे गुंठा आणि असे ४० गुंठे म्हणजे एकर, हा हिशेब दख्खनच्या कुणब्याच्या जिभेवर असा काही बसला की, पुढे दशमान पद्धती आली, हेक्टर आणि आर सातबाऱ्यावर चढले, तरी दोन भाऊ वाटणीला बसले म्हणजे बोलतात ते गुंठ्यांतच. शेताची चतुःसीमा, मातीचा रंग, तिची खोली, विहीर, बांधावरचे झाड, बोजा, वारस, वहिवाट असे या भूमीविषयी जे जे लिहिण्याजोगे वाटले ते ते दप्तरात उतरले. परंतु ज्याच्याशी शेतकऱ्याचे मृगापासून सुगीपर्यंत रोजचे वैर, त्या तणाला मात्र या एवढ्या दीर्घ काळात आमच्या दप्तरात रकाना मिळाला नाही. आज उपग्रहांच्या संकेतांवरून कोणत्या शेताच्या कोणत्या कोपऱ्यात कोणते उपद्रवी तण माजले आहे हे खिशातल्या फोनवर टिपता येते आणि संगणकावर गावच्या नकाशावर चढवता येते. तेव्हा हा रकाना आजवर रिकामा का राहिला, आणि तो भरायचा तर कोणत्या रीतीने, हे इतिहासाच्या अंगाने पाहणे मला अगत्याचे वाटते.

इंग्रजी अमलापूर्वी आमच्याकडे मोजणी नव्हती असे नाही. पाच हात पाच मुठींची काठी, २० चौरस काठ्यांचा पांड, २० पांडांचा बिघा आणि १२० बिघ्यांचा चावर ही मापे शिवकालापासून परिचित होती आणि अव्वल, दूम, सीम अशी जमिनीची प्रतही लावली जात असे. परंतु शेताच्या आत शिरून, त्याचे तुकडे कल्पून, प्रत्येक तुकड्याचा गुणदोष कागदावर मांडण्याची रीत इंग्रजी मोजणीने आणली. प्रिंगल या इंग्रज अधिकाऱ्याने १८२०च्या दशकाच्या अखेरीस पुणे प्रांतात केलेली पाहणी सदोष निघाली, तिच्यावर बसवलेला धारा रयतेला पेलेना, आणि १८३५ पासून इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट यांना ते काम मुळापासून हाती घ्यावे लागले. त्या अनुभवातून जी पद्धती सिद्ध झाली ती १८४७च्या 'जॉइंट रिपोर्टा'त ग्रथित आहे, आणि तणाच्या नकाशाचा विचार करणाऱ्याने ती अवश्य अभ्यासावी असे माझे मत आहे.

प्रतबंदी करणारा कारकून शेतात जाई तेव्हा सर्व्हे नंबराचे एक कच्चे रेखाचित्र काढून त्याचे तो जवळपास सारख्या आकाराचे चौकोन पाडी, आणि प्रत्येक चौकोनात जमीन खणून माती किती हात खोल आहे ते पाही. काळी, तांबडी आणि बरड अशा मातीच्या तीन जाती, आणि खोलीप्रमाणे उतरत जाणाऱ्या नऊ प्रती. पावणेदोन हात खोलीची निर्भेळ काळी म्हणजे १६ आणे. एवढ्यावर तो थांबत नसे. चुनखडीची भेसळ, वाळूचा अंश, उतार, कणांत धर नसणे, पावसाचे पाणी न मुरणे, वाहत्या पाण्याने माती धुपून जाणे आणि झऱ्यांमुळे ओल अधिक राहणे, असे सात दोष ठरलेले होते. प्रत्येक दोषाला एक खूण होती, आणि त्या चौकोनात जितक्या खुणा पडत तितक्या प्रतींनी जमीन खाली उतरे. आजच्या संगणकीय भाषेत ज्याला आपण भूखंडाच्या प्रत्येक तुकड्याशी जोडलेली माहिती म्हणतो, ती हीच. खासगी शेताच्या पोटातले दोष नकाशावर मांडण्याची विद्या या भूमीत उपग्रहांच्या बरोबर आली नाही. ती कुदळ आणि बोरू घेऊन तेव्हाच गावोगाव फिरून गेली होती.

मग त्या सात दोषांत हरळी का नाही? दख्खनच्या काळ्या जमिनीत ज्याने एक हंगाम काढला आहे त्याला हा प्रश्न पडल्यावाचून राहणार नाही. हरळीची पेरे नांगराने तुटतात आणि तुटलेले प्रत्येक पेर नवे रोप होऊन उठते. लव्हाळ्याची गाठ खुरप्याला लागते तोवर तिच्याखाली दुसरी धरलेली असते. आणि कुंदा तर काळ्या रानात इतका खोल जातो की, चार-सहा बैलजोड्यांचा लाकडी नांगरही त्याच्या वरवरून निघून जाई, आणि उन्हाळ्यात माणसे लावून कुदळीने रान उलथेपालथे करण्याची ऐपत ज्याला नसे तो ते शेत मुकाट्याने सोडून देई. जमिनीच्या उत्पन्नाला चुनखडीपेक्षा कुंदा अधिक घातक होता. तरीही त्याची खूण प्रतबंदीच्या चौकोनात उमटली नाही, आणि माझ्या समजुतीप्रमाणे त्याचे कारण अज्ञान नसून धोरण होते. रयतेने आपल्या कष्टाने जमीन सुधारली तर त्या सुधारणेवर धारा वाढवू नये, हे त्या मोजणीचे एक मूलतत्त्व होते. उतार आणि चुनखडी हे भूमीचे स्थायी दोष; तण हा माणसाच्या कष्टाने जाणारा आणि त्याच्या हलगर्जीने येणारा दोष. आज कुंदा लिहून धारा कमी केला, तर उद्या रान खणून स्वच्छ करणाऱ्याचा धारा वाढवावा लागेल. त्यापेक्षा तणाकडे दप्तराने पाहूच नये, हा निर्णय त्या काळी शहाणपणाचाच होता. पुढे १९०३च्या सुमारास लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर निघाला, आणि लोखंडाने जमीन विषारी होते ही समजूत ओसरल्यावर त्याच नांगराने हरळी-कुंद्याची मुळे उन्हात उताणी पाडली. त्या परिश्रमाचे फळ शेतकऱ्याच्याच घरात राहिले.

मात्र या निर्णयाची दुसरी बाजूही आहे. पीक पाहणीला तलाठी आला की हरळीने गिळलेले शेत गाव नमुना १२ मध्ये 'पड' म्हणून लागे, फार तर 'गवत पड' म्हणून. आणि चारा देणारे गवत व शेत बुडवणारे गवत या दोन अगदी भिन्न गोष्टी एका शब्दाखाली निजल्या. गावकुसाभोवती फड्या निवडुंगाने वेढे घातले, वाटा बुजवल्या, आणि १९२६ साली सिंहलद्वीपातून आणलेल्या कोचिनील जातीच्या किडीने दक्षिणेतला निवडुंग काही वर्षांत फस्त केला. पण तो आमच्या कोणत्या गावात किती गुंठ्यांवर होता, हे आज गावच्या नकाशावरून कोणालाही सांगता येणार नाही.

या उणिवेची खरी किंमत आपण गाजर गवताच्या वेळी मोजली. काँग्रेस गवत, पांढरी फुली, चटकचांदणी अशी अनेक नावे मिळवलेली ही अमेरिकेकडची वनस्पती. पुण्यात उकिरड्यांवर तिची तुरळक रोपे दिसू लागली आणि १९५६ साली राव यांनी मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात ती भारतात नवीन म्हणून नोंदवली. पुढे ती कशी पसरली हे सर्वांच्या डोळ्यांसमोर आहे: एकेका रोपाला १५ ते २५ हजार बिया, बी इतके हलके की वारा, पाट, शेणखत, मुरुमाची गाडी, यांतले काहीही त्याला पुरते, आणि १९७०च्या दशकापर्यंत तिच्या स्पर्शाने होणारा त्वचारोग हा पुण्याच्या वैद्यकवर्तुळात गंभीर चर्चेचा विषय होऊन बसला होता. सर्वसाधारण समजूत अशी की, ती 'पीएल ४८०' कराराने आलेल्या अमेरिकी गव्हाबरोबर आली. परंतु तो करार १९५६च्या ऑगस्टमधला, पुण्याची रोपे त्याच्या आधीची. आणि रॉक्सबर्ग यांच्या कलकत्त्याच्या उद्यानाच्या १८१४ सालच्या यादीतही हे नाव आढळते. नंतरच्या गव्हातून आणखी बी आले असेल, नव्हे, ते संभवनीयच आहे. पण पहिले रोप कोठून आले आणि पुण्यातून ते कोणत्या रस्त्याने निघाले, याचा निर्णय देण्याजोगा पुरावा आमच्यापाशी नाही, कारण त्या पहिल्या पंधरा वर्षांत ते कोणीही नकाशावर ठेवले नाही. कर्नाटकाने १९७५ साली त्याला कायद्याने उपद्रवी ठरवले आणि १९८३ मध्ये मेक्सिकोतून बंगळूरला त्याचे पान खाणारे भुंगेरे आणले गेले, तोवर तण घराघरापर्यंत पोहोचले होते.

अमेरिकेत अशाच एका प्रसंगी निराळे घडले. दक्षिण डाकोटात रशियन जवसाच्या बियाण्यातून १८७०च्या दशकात एक काटेरी तण शिरले आणि वाळले की उन्मळून वाऱ्याबरोबर गडगडत शेताशेतांत बी सांडू लागले. तेव्हा तेथील कृषी खात्याचे लिस्टर ड्यूई यांनी १८९४ साली त्याचा इतिहास नकाशांसह प्रसिद्ध केला. वीसेक वर्षांत तणाचा प्रवास कागदावर! याचा एक पाया असा की, १७८५च्या कायद्याने तेथली जमीन चौकटींनी आखलेली होती, एक चौकट ६४० एकरांची, आणि ती आखणारी गंटरची साखळी ६६ फुटांची, म्हणजे आमच्या साखळीच्या बरोबर दुप्पट. चौकटीचा क्रमांक सांगितला की तणाचा पत्ता सांगून झाला.

उपग्रहांचे साधन आले ते या पत्त्याला अधिक नेमके करण्यासाठी. अमेरिकी लष्कराच्या जीपीएस उपग्रहांची मालिका १९९५ साली पूर्ण झाली. परंतु नागरी वापराच्या संकेतांत मुद्दाम चूक मिसळलेली असे, आणि ती सुमारे १०० मीटरांपर्यंत जाई, म्हणजे आमच्या १० साखळ्या. असे १० साखळ्यांचे रान चौरस धरले तर अडीच एकर होते. एवढ्या चुकीत दख्खनचा सामान्य शेतकरी आपल्या संपूर्ण शेतासकट हरवेल. २ मे २००० रोजी ती मुद्दाम केलेली चूक काढून टाकण्यात आली आणि साध्या यंत्राचा अंदाज पाच-दहा मीटरांवर आला. हे अंतर म्हणजे जवळजवळ एक साखळी. अर्थात आज खिशातला फोन जी जागा दाखवतो ती एका गुंठ्याच्या आतबाहेर खरी असते, आणि खासगी शेतातले तण गुंठ्यानिशी सांगता यावे इतकी सोय प्रथमच झाली आहे.

ही सोय प्रत्यक्षात कशी दिसते ते गेल्या भाद्रपदात पुरंदर तालुक्यातल्या एका गावी मी पाहिले. कृषी महाविद्यालयातली एक विद्यार्थिनी बांधावर उभी होती; फोनवरचे निळे वर्तुळ आकसून बिंदूएवढे होईपर्यंत ती हलली नाही, आणि मग गाजर गवताच्या कडेकडेने, पांढऱ्या फुलांचा बाहेरचा काठ पायाखाली धरून, संथपणे एक फेरा घालून आली. पडद्यावर तिच्या पावलांची रेघ मिटून एक वेडावाकडा आकार उमटला; त्याला तिने तारीख लिहिली, तण फुलोऱ्यात असल्याची नोंद केली, पानांवर भुंगेरे दिसले तेही लिहिले, आणि शेजारच्या स्वच्छ वाफ्यात उभी राहून 'येथे तण नाही' अशीही नोंद केली, जी मला सर्वांत मोलाची वाटली, कारण पुढल्या वर्षी तेथे रोप दिसले तर ते नवे आहे हे तेवढ्यानेच कळेल. शेतमालक सत्तरीचे गृहस्थ हे सगळे निरखत होते. ते म्हणाले, "ताई, हे तलाठ्याकडं जायाचं न्हाई ना? सातबाऱ्यावर चढलं तर बँकवाला इचारंल."

"नाही अण्णा," ती म्हणाली, "हे तुमच्यापाशीच राहील."

अण्णांच्या त्या प्रश्नात १८३५ सालची सगळी रयत बोलत होती. जे लिहिले जाईल ते आपल्यावर आकारले जाईल, हे भय निराधार नव्हते आणि नाही. अमेरिकेत तणाच्या निर्मूलनाची जबाबदारी अनेक राज्यांत कायद्याने जमीनमालकावर आहे, आणि माँटानासारख्या राज्याने सबंध प्रदेशाचा नकाशा करताना कुंपणागणिक नोंद न करता ६४० एकरांच्या चौकटीगणिक तण आहे की नाही एवढेच मांडले. शेताचा गुंठा मालकाजवळ राहिला. आमच्याकडे १५ ऑगस्ट २०२१ पासून शेतकरी स्वतःच फोनवरून ई-पीक पाहणी करतो. तीत पिकाचे छायाचित्र जागेसह चढते, कायम पड लिहिता येते, बांधावरची झाडेसुद्धा लिहिता येतात. तणाची जागा तेथे अजूनही नाही, आणि ती सातबाऱ्याच्या मार्गाने यावी असे मला वाटत नाही. विंगेट यांनी ज्या कारणाने ती टाळली ते कारण आजही जिवंत आहे. तणाचा नकाशा गावाने करावा, गावाने ठेवावा, आणि त्याचा सारा, कर्ज किंवा विमा यांच्याशी कोणताही संबंध नसावा.

संध्याकाळी त्या विद्यार्थिनीने दिवसभराचे आकार गावच्या नकाशावर एकावर एक चढवून दाखवले. गट नंबरांच्या रेषांना तण जुमानत नव्हते, हे अपेक्षितच होते. पण सगळ्यांत दाट पट्टा शेतात नव्हता. तो रस्त्याच्या कडेने, जेथे दोन वर्षांपूर्वी रुंदीकरणाचा मुरूम ओतला होता तेथून सुरू होऊन ओढ्याच्या काठाने गायरानात उतरला होता, आणि अण्णांच्या शेतातला आकार हा त्या पट्ट्याला फुटलेला एक फाटा होता. ज्या जमिनीचा सातबारा सरकारच्या नावे आहे ती जमीन आधी मोजा, असे माझे कृषी खात्याला, बांधकाम खात्याला आणि पाटबंधारे खात्याला मागणे आहे. रस्त्यांच्या कडा, कालव्यांचे काठ आणि गायराने यांवरल्या गाजर गवताचा नकाशा या पावसाळ्यात तयार करून तो ग्रामसभेपुढे मांडा, आणि मग शेतकऱ्याच्या बांधावर या.