मूठभर लाकूड

मराठीत हाताचीही मूठ आणि चाकूचीही मूठच. एकीच्या मापानं दुसरी घडायची, म्हणून शब्दही एकच पुरला असावा. दुकानातल्या चाकूची मूठ मात्र कुणा एकाच्या मापाची नसते; ती सगळ्यांच्या हाताला थोडी थोडी बसते. म्हणून घडीचा छोटा चाकू घरी आणला की काही जणांचा हात आधी कानशीकडे जातो. मूठ तासायची, तिच्यावर नक्षी कोरायची, नाहीतर ती काढून दुसऱ्या लाकडाची बसवायची. या छंदिष्टांच्या तावडीत हमखास सापडतो तो फ्रान्सचा ओपिनेल. असं का, ते त्याच्या कुळात शिरल्याशिवाय कळत नाही.

आल्प्सच्या डोंगरात, फ्रान्सच्या सव्हॉय प्रांतात मोरिएन नावाचं खोरं आहे. तिथल्या एका वस्तीत 1872 साली जोसेफ ओपिनेल जन्मला. घरात लोहारकी होती. वडील शेतकऱ्यांना कुऱ्हाडी आणि कोयते घडवून देत. 1890 साली, अठराव्या वर्षी, जोसेफनं खिशात मावेल असा एक चाकू केला. भाकर कापायची, चीजचा तुकडा पाडायचा, द्राक्षवेलीची फांदी छाटायची, एवढंच त्याचं काम. 1897 पर्यंत त्याचे 1 ते 12 असे बारा नंबर झाले. सर्वात धाकटा इतका लहान की तो घड्याळाच्या साखळीला लटकवता येई. पुढे 1 आणि 11 हे नंबर बंद पडले. आज सर्वांत ओळखीचा आहे तो 8 नंबर. त्याचं पातं साडेआठ सेंटिमीटरचं.

त्या काळी फ्रान्समध्ये घडीचे चाकू काही कमी नव्हते. ओब्राक पठारावरचा लायोल तर 1829 च्या सुमारापासून घडत होता. पण त्याची मूठ म्हणजे कारागिराचं काम: आत धातूच्या पट्ट्या, पाठीला स्प्रिंग आणि दोन्ही अंगांना शिंगाचे किंवा लाकडाचे काप खिळ्यांनी जडवलेले. हे काप बदलायचे तर जाणत्याकडेच जावं लागतं. जोसेफनं हा सगळा पसारा टाळला. लाकडाचा एक गोल तुकडा, त्यात करवतीनं पाडलेली खाच, खाचेत पातं, पात्यातून आरपार एक खिळा आणि तोंडाशी लाकूड फाटू नये म्हणून धातूचं कडं. स्प्रिंग नाही, काप नाहीत, पट्ट्याही नाहीत. करवत नि कानस ज्याच्या घरी आहे, त्याला ही मूठ परकी वाटत नाही.

मुठीचं लाकूड मुख्यतः बीचचं: फिकट, घट्ट, बारीक रेषांचं आणि फ्रान्समध्ये मुबलक. पण त्याची एक खोड आहे. ते पाणी पितं. ओलाव्यानं फुगलं की खाच आवळते आणि पातं आत अडकून बसतं; नखानं कितीही ओढा, हलत नाही. सव्हॉयच्या माणसांनी यावर युक्ती काढली. चाकू उलटा धरायचा आणि मुठीचं बूड टेबलाच्या कडेवर ठक्कन आपटायचं. पात्याचं टोक हळूच डोकं वर काढतं. ही युक्ती पुढे ‘सव्हॉयकराचा ठोका’ म्हणून प्रसिद्ध झाली. उघडलेलं पातं बोटांवर मिटू नये म्हणून 1955 साली ओपिनेल घराण्यातल्या मार्सेल यांनी फिरतं कडं बसवलं. 1989 मध्ये फ्रेंच शब्दकोशानं ‘ओपिनेल’ हा शब्दच सामावून घेतला.

मूठ बदलणाऱ्यांची झटापट सुरू होते ती या दोन कड्यांपासून. फिरतं कडं पक्कडीनं जरा उकलून काढायचं, खिळ्याचं डोकं घासून तो ठोकून बाहेर घालवायचा. नव्या लाकडात खाच पाडताना खरी कसोटी लागते. ती पात्यापेक्षा केसभरच रुंद हवी. जास्त झाली तर पातं डुलतं, कमी झाली तर पहिल्याच पावसात ठोका द्यायची वेळ येते. म्हणून लाकूड आधी पुरतं वाळलेलं लागतं आणि शेवटी जवसाचं तेल पुन्हा पुन्हा जिरवावं लागतं. खाचेच्या आतल्या भिंतींनाही तेल हवं; नवशिके नेमके तिथेच विसरतात.

लाकडांत तेलकट आणि जड जात बरी. ऑलिव्ह, अक्रोड, ओक अशा मुठींचे चाकू ओपिनेल कंपनी स्वतःच विकते. आपल्याकडचा कुणी करायला बसला तर त्याच्यापुढे शिसव आहे, साग आहे, आणि कोयत्या-कुऱ्हाडींच्या दांड्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पारखलेली बाभूळ आहे. म्हशीचं शिंग दिसतं देखणं, पण ते आपल्या नखांच्याच जातीचं. घासताना तापलं की मऊ पडून वाकतं, म्हणून मधूनमधून पाण्यात बुडवावं लागतं. हरणाच्या शिंगाची गोष्ट वेगळी. ते हाड असतं, बाहेरून टणक आणि आतून जाळीदार. युरोपात चाकूच्या मुठींना ते सर्रास लागतं. भारतात मात्र 1972 च्या वन्यजीव कायद्यामुळे सांबराचं गळून पडलेलं शिंगही जंगलातून उचलून आणता येत नाही.

ओपिनेलच्या पात्यावर 1909 पासून एक खूण उमटते: मुकुटाखाली आशीर्वाद देणारा हात. मोरिएनच्या कॅथेड्रलमध्ये बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाची बोटं जपली आहेत अशी श्रद्धा आहे. हात तिथला आणि मुकुट सव्हॉयच्या सरदारकीचा. या खुणेला कुणी हात लावत नाही. खटपट चालते ती खालच्या लाकडाशी.

आणि ज्यानं कानस कधी उचललीच नाही, त्याचीही मूठ आहे तशी राहत नाही. चीजचा ओशटपणा, सफरचंदाचा रस, तळहाताचा घाम पिऊन ते फिकट बीच वर्षागणिक मधासारखं गडद होत जातं. अंगठा जिथे टेकतो, तिथे सगळ्यांत आधी.