साखरखेर्ड्याचे वाईट दिवस आणि सुगीचे सण

बुलढाणा जिल्ह्यातील साखरखेर्डा हे गाव इतिहासात येते ते लढाईमुळे. ११ ऑक्टोबर १७२४ रोजी येथे निजाम-उल-मुल्काने हैदराबादचा सुभेदार मुबारिझखान याचा पराभव केला. खान मारला गेला आणि दख्खनमध्ये आसफजाही सत्तेचा पाया घातला गेला. विजयाची खूण म्हणून गावाचे नाव फतेहखेर्डा झाले. सरकारी कागदांत ते बराच काळ चालले, पण गाव पुन्हा साखरखेर्डाच झाले. इतिहासकारांनी या घटनेकडे सत्तांतर म्हणून पाहिले. शेतात ज्वारी उभी असण्याच्या दिवसांत दोन फौजांचे तळ पडले तर कुणब्याच्या हाती काय उरते, याचा विचार त्यांनी फारसा केलेला नाही.

१८०३ साल याहून वाईट ठरले. असईच्या लढाईकडे निघालेल्या शिंद्यांच्या फौजेने गाव लुटले आणि त्याच वर्षीच्या दुष्काळात ते जवळजवळ ओस पडले, अशी नोंद जुन्या गॅझेटियरात आहे. पुढे वस्ती पुन्हा भरली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वऱ्हाडात कपाशीचा पैसाही आला. मग १८९९-१९०० चा दुष्काळ पडला. १८९१ ते १९०१ या दहा वर्षांत वऱ्हाडाची लोकसंख्या सुमारे २९ लाखांवरून साडेसत्तावीस लाखांवर आली.

अशा मुलखात बरे वर्ष आले की आनंद कसा करायचा, हे रूढीने ठरवून दिले होते. तो माणसाच्या लहरीवर सोडलेला नव्हता, आणि त्यात आभार कोणाचे मानायचे हेही पक्के होते. पहिला मान बैलाचा. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदमळणी होते. वर्षभर जू वाहिलेला खांदा कोमट पाण्याने शेकून त्याला तूप आणि हळद चोळतात. पोळ्याला बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. संध्याकाळी जोड्या तोरणाखाली उभ्या राहतात आणि झडत्या, म्हणजे जोरात म्हणायची लोककवने, म्हटल्या जातात. या झडत्या नुसत्या स्तुतीच्या नसतात. त्यांत नापिकी, सावकार, सरकार यांचा उद्धार होतो. आनंदाच्या दिवशी तक्रार मांडण्याची ही मुभा विदर्भातील पोळ्याचे खरे वैशिष्ट्य मानायला हवे. नंतर बैल दारोदार पूजेला नेतात, आणि ते नेणाऱ्या गड्याला बोजारा, म्हणजे ओवाळणीचे पैसे, मिळतो. हा बोजारा म्हणजे राबणाऱ्या माणसाचे आभारच.

चाऱ्याअभावी ज्यांनी जनावरे विकली, त्यांच्या घरी मातीचे बैल पुजले जात. रिकाम्या गोठ्यामुळे सण चुकत नसे.

कपाशी फुटली की सीतादही येते. वेचणी सुरू करण्यापूर्वी बायका शेतात जाऊन कपाशीच्या झाडाला दहीभाताचा नैवेद्य दाखवतात. आश्विनात नव्या धान्याची पूजा करून मगच ते खाण्याची रीत होती. खळ्यावर रास पडली की सुतार, लोहार, चांभार यांना बलुते द्यावे लागे. ते हक्काचे देणे होते, त्याला दान म्हणणे बरोबर नाही. मात्र हे वाटप समान कधीच नव्हते. गावकुसाबाहेरच्यांचा वाटा शेवटचा आणि थोडा असे.

१९७२ च्या दुष्काळात बलुत्यासारखी ही जुनी सोय पुरी पडली नाही. महाराष्ट्रभर लोक दुष्काळी कामांवर खडी फोडायला गेले आणि परदेशातून आलेल्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरीवर त्यांनी दिवस काढले. त्या अनुभवातून रोजगार हमीचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. वाईट वर्षी पोटाला काम मिळणे त्यामुळे हक्काचे झाले.

आता या भागातील बरेचसे शिवार सोयाबीनखाली आहे. ते मळणीयंत्रातून निघून थेट बाजार समितीत जाते, त्यामुळे खळे राहिले नाही आणि बलुतेही गेले. बैलजोड्या कमी झाल्या आहेत आणि पोळ्याला काही ठिकाणी ट्रॅक्टरलाच हार घालतात. तरीही ज्याच्या दारात जोडी आहे, तो पोळ्याला तिच्या खांद्यावर जू ठेवत नाही.