पेवातली हवा (थ्रेड)

पारोळ्याचा भुईकोट हरी सदाशिव दामोदर यांनी १७२७ मध्ये बांधला, असे मानले जाते. तेव्हा ऑक्सिजन हा शब्द जगात कुठेही नव्हता. प्रिस्टलीने तो वायू वेगळा केला १७७४ साली; लाव्हाझिएने नाव दिले ते त्याही नंतर. परंतु बंद जागेतली हवा माणसाचा जीव घेते, हे ज्वारीच्या मुलखाला ठाऊक होते. कारण पेव.

पेव म्हणजे जमिनीत खणलेले, अरुंद तोंडाचे कोठार. आत कडब्याचे अस्तर, वर दगडमातीचे लिंपण. १८०२ मध्ये होळकरांच्या फौजांनी खानदेश उजाड केला, पाठोपाठ १८०३-०४ चा दुष्काळ आला. अशा काळात डोळ्यांआड असलेले धान्य हाच खरा आधार.

मातीआड पडलेले धान्यही श्वास घेते. दाणे, किडे, बुरशी मिळून आतला ऑक्सिजन संपवतात. कार्बन डायऑक्साइड साचतो आणि जड असल्याने तळाशी बसतो. किडे मरतात, म्हणून धान्य टिकते. ज्या हवेने ज्वारी वाचते, तीच आत उतरणाऱ्याला मारते!

म्हणून पेव उघडल्यावर लगेच उतरायचे नाही. तोंड मोकळे ठेवायचे, मग दिवा खाली सोडून पाहायचे. मोकळ्या हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के असतो. तो १६-१७ टक्क्यांवर आला की ज्योत विझते; माणसाची शुद्ध साधारण १० टक्क्यांखाली हरपते. या दोन आकड्यांमधल्या अंतरावर कित्येकांचे प्राण वाचले असतील. मात्र ही कसोटी अपुरी आहे : काही विषारी वायूंत दिवा खुशाल जळत राहतो.

सर्वांत करुण प्रकार दुसऱ्या माणसाचा. आत कोसळलेल्या भावाला काढायला भाऊ उतरतो आणि तोही तिथेच राहतो.

सांगलीजवळच्या हरिपूरला हळदीची पेवे अगदी अलीकडेपर्यंत वापरात होती. २००५ च्या महापुराने त्यांची मोठी हानी केली. खानदेशात पेव आता बहुधा ‘पेव फुटले’ या वाक्प्रचारातच भेटते.

हवा मात्र तीच आहे. आज १९.५ टक्क्यांखालील ऑक्सिजन धोक्याचा मानतात आणि तो मोजणारे यंत्र मुठीत मावते. तरीही गटारांत माणसे त्याविना उतरवली गेली. अशा मृत्यूंसाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये १० लाखांची भरपाई ठरवली. २०२३ मध्ये ती ३० लाख करावी लागली.