परकी विमान कंपनी कोणाची? मुंबई ते सिडनी, १९५६

१/ १९५६ साली ऑस्ट्रेलियातील सिडनी शहरात एका परकी विमान कंपनीची लांब पल्ल्याची नवी सेवा सुरू झाली. ती कंपनी म्हणजे आपली एअर इंडिया इंटरनॅशनल. मात्र त्या विमानातून उतरणाऱ्या भारतीयाला त्या देशात स्थायिक होण्याची वाट तेव्हा जवळजवळ बंद होती. विमानाला परवानगी आणि माणसाला मनाई, हे कसे घडले? आजचा थ्रेड याच प्रश्नावर. 🧵

२/ सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत बसून हा प्रश्न विशेष जाणवतो. येथील मागांवर विणलेले टेरी टॉवेल खोक्यांत बांधले जातात, ट्रकने बंदराकडे निघतात आणि साता समुद्रापार पोहोचतात. मालाला फक्त कागदपत्रे लागतात. तोच माल विणणारा माणूस निघाला की त्याला पारपत्र, व्हिसा आणि कोणीतरी घातलेल्या अटी आडव्या येतात.

३/ प्रथम हवाई मार्गाचा जन्म पाहू. १९१९ मध्ये रॉस आणि कीथ स्मिथ हे बंधू दोन यंत्रज्ञांसह ‘व्हिकर्स व्हिमी’ या विमानाने इंग्लंडहून निघाले. १२ नोव्हेंबरला उड्डाण आणि १० डिसेंबरला डार्विनला आगमन. इंग्लंडहून ऑस्ट्रेलियास विमानाने पोहोचलेले ते पहिलेच. त्यांचा मार्ग कराची, दिल्ली, अलाहाबाद आणि कलकत्ता असा भारताच्या अंगावरून गेला होता.

४/ विमानाने टपाल नेण्याचा प्रयोग एप्रिल १९३१ मध्ये झाला आणि अगदी शेवटच्या टप्प्यात फसला. इंपीरियल एअरवेजचे ‘सिटी ऑफ कैरो’ हे विमान इंधन संपत आल्याने तिमोर बेटावरील कुपांगजवळ कोसळले. मग चार्ल्स किंग्सफर्ड स्मिथ हा ऑस्ट्रेलियन वैमानिक आपले ‘सदर्न क्रॉस’ घेऊन गेला आणि ती पत्रे डार्विनला घेऊन आला.

५/ अखेर डिसेंबर १९३४ मध्ये नियमित टपालसेवा सुरू झाली. लंडन ते सिंगापूर इंपीरियल एअरवेज आणि तेथून पुढे ब्रिस्बेनपर्यंत क्वांटास एम्पायर एअरवेज, अशी वाटणी होती. एप्रिल १९३५ पासून प्रवासीही जाऊ लागले. संपूर्ण प्रवासास बारा-तेरा दिवस लागत. रात्री मुक्काम, पहाटे पुन्हा उड्डाण.

६/ भारतात हा मार्ग कराचीस शिरे आणि जोधपूर, दिल्ली, अलाहाबाद, कलकत्ता करत ब्रह्मदेशाकडे जाई. मुंबई या मुख्य मार्गावर नव्हती! एक कारण सरळ भूगोलाचे होते. इराणच्या आखाताकडून कलकत्त्याला जाताना दक्षिणेस वळणे म्हणजे लांबचा फेरा. दुसरे कारण पावसाळ्याचे. तेव्हाची जुहूची धावपट्टी पावसात निकामी होई.

७/ मुंबईला त्या मार्गाशी जोडले ते टाटांनी. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा ‘पस मॉथ’ या लहानशा विमानाने कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. लंडनहून आलेले टपाल त्यांच्याबरोबर होते. तेथून नेव्हिल व्हिन्सेंट ते बेल्लारीमार्गे मद्रासला घेऊन गेले. पावसाळ्यात जुहूत चिखल झाला की टाटांचा मुक्काम पुण्याला हलत असे.

८/ येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. १९३४ च्या त्या मोठ्या मार्गावर भारत हे मुक्कामाचे ठिकाण होते. इंधन येथले, मैदाने येथली, आकाश येथले. परंतु कोणी उतरावे आणि कोणी नाही, याचा निर्णय लंडनच्या हाती होता. कराचीहून पूर्वेकडच्या टप्प्यासाठी ‘इंडियन ट्रान्स-कॉन्टिनेंटल एअरवेज’ नावाची कंपनी काढली गेली, पण तिच्यातही मोठा वाटा इंपीरियल एअरवेजचाच होता.

९/ याच सुमारास मार्गाच्या दुसऱ्या टोकाला काय चालले होते? ऑस्ट्रेलियात १९०१ चा स्थलांतर निर्बंध कायदा लागू होता. ‘गोऱ्यांचा ऑस्ट्रेलिया’ हे धोरण त्यावर उभे होते. त्या कायद्यात रंगाचा उल्लेख नव्हता. त्यात होती श्रुतलेखनाची परीक्षा. अधिकारी युरोपीय भाषेतील सुमारे पन्नास शब्दांचा उतारा वाचून दाखवी आणि आलेल्या माणसाने तो लिहून काढायचा.

१०/ भाषा निवडण्याचा अधिकार मात्र अधिकाऱ्याचा! ज्याला प्रवेश द्यायचा नाही, त्याला न येणारी भाषा निवडायची, की काम झाले. आशियाई माणूस इंग्रजीत कितीही पारंगत असला तरी उपयोग नव्हता. कोणालाही नापास करता यावे, अशीच त्या परीक्षेची रचना होती.

११/ या परीक्षेचा सर्वांत गाजलेला प्रसंग नेमका १९३४ चा आहे. एगॉन किश हा नाझीविरोधी पत्रकार ऑस्ट्रेलियात व्याख्यानांसाठी आला. सरकारला तो नको होता. त्याला अनेक युरोपीय भाषा येत, म्हणून त्याची परीक्षा स्कॉटिश गेलिक भाषेत घेतली गेली! पुढे तेथील उच्चतम न्यायालयाने कायद्याच्या अर्थाने ती युरोपीय भाषा ठरत नाही, असा निर्णय दिला. म्हणजे ज्या हंगामात हवाई टपालाचे दार उघडले, त्याच हंगामात माणसांसाठीच्या दाराची ही कडी जगासमोर आली.

१२/ १९३८ मध्ये पाण्यावर उतरणारी विमाने आली. ती आपल्याकडे राजस्थानातील राजसमंद तलावावर आणि ग्वाल्हेरजवळच्या जलाशयावर उतरत. मग युद्ध पेटले. फेब्रुवारी १९४२ मध्ये जपानने सिंगापूर घेतले आणि लंडन ते ऑस्ट्रेलिया हा धागा मध्येच तुटला.

१३/ तो पुन्हा जोडला गेला तो धाडसाने. १९४३ ते १९४५ या काळात क्वांटासची ‘कॅटलिना’ विमाने पर्थहून थेट श्रीलंकेतील कोग्गला सरोवराकडे झेपावत. शत्रूला सुगावा लागू नये म्हणून रेडिओ बंद. प्रवास सत्तावीस ते तेहतीस तासांचा. एकाच उड्डाणात दोनदा सूर्योदय दिसे! इंधनाचा भार इतका असे, की प्रवासी फार तर तीन घेता येत.

१४/ युद्धाच्या अखेरीस, नोव्हेंबर-डिसेंबर १९४४ मध्ये, शिकागो येथे आंतरराष्ट्रीय परिषद भरली. भारताचे प्रतिनिधीही तेथे होते. देशाच्या भूमीवरील आकाशावर त्या देशाचीच संपूर्ण सत्ता, हे तत्त्व तेथे पक्के झाले. आकाशातील ‘स्वातंत्र्यां’ची मांडणीही तेथलीच. वरून जाण्याचा हक्क पहिला. इंधनासाठी उतरण्याचा दुसरा. आपल्या देशातून प्रवासी नेण्याचा तिसरा आणि परत आणण्याचा चौथा.

१५/ लांबच्या मार्गांचा जीव मात्र पाचव्या स्वातंत्र्यात असतो. मुंबईहून निघालेल्या विमानातून काही प्रवासी सिंगापूरला उतरले, तर त्यांच्या रिकाम्या जागांवर सिंगापूरचे प्रवासी बसवून सिडनीला नेता येतील काय? तो हक्क देशादेशांतील करारांतून मिळवावा लागतो. तो नसेल तर विमान पुढे अर्धे रिकामे उडते आणि मार्ग तोट्यात जातो.

१६/ १ डिसेंबर १९४७ रोजी क्वांटासचे कॉन्स्टेलेशन विमान २९ प्रवासी घेऊन सिडनीहून लंडनला निघाले. हाच प्रसिद्ध ‘कांगारू मार्ग’. मुक्काम: डार्विन, सिंगापूर, कलकत्ता, कराची, कैरो, त्रिपोली. १९३४ मध्ये कलकत्ता आणि कराची एकाच सत्तेखाली होती. आता ती दोन स्वतंत्र देशांत होती आणि परवानगीही दोन सरकारांची हवी होती. फाळणीला तेव्हा चार महिनेही झाले नव्हते.

१७/ त्याच हिवाळ्यात स्वतंत्र भारताचा क्रिकेट संघ प्रथमच ऑस्ट्रेलियात खेळत होता. जानेवारी १९४८ मध्ये अॅडलेडच्या कसोटीत सांगलीत जन्मलेल्या विजय हजारे यांनी ब्रॅडमनच्या संघाविरुद्ध दोन्ही डावांत शतके ठोकली: ११६ आणि १४५. त्याच सामन्यात दत्तू फडकर यांनीही शतक केले. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. पण यांपैकी कोणी तेथेच घर करायचे म्हटले असते, तर कायदा आडवा आला असता.

१८/ ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून कैरो व जिनिव्हामार्गे लंडनला निघाले. ऑगस्ट १९५३ मध्ये विमान कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले, तरी अध्यक्षपदी जे. आर. डी. टाटाच राहिले. कंपनीने मग पूर्वेकडे पाहिले. सिंगापूर आणि जपान हे टप्पे आधी गाठले गेले आणि १९५६ मध्ये ऑस्ट्रेलिया.

१९/ मार्ग मुंबईहून सिंगापूर, तेथून डार्विन आणि पुढे सिडनी. अंतर दहा हजार किलोमीटरहून अधिक. विमान चार पंखेवाल्या इंजिनांचे ‘सुपर कॉन्स्टेलेशन’. त्याच वर्षी मेलबर्नला ऑलिंपिक भरले. तेथे भारताने हॉकीचे सुवर्णपदक राखले, तर मुंबईच्या नेव्हिल डिसोझा यांनी फुटबॉलमध्ये यजमान ऑस्ट्रेलियाविरुद्धच तीन गोल केले.

२०/ बावीस वर्षांत चित्र उलटले होते. १९३४ मध्ये ऑस्ट्रेलियाकडे जाणारी परकी विमाने भारतात मुक्काम करत. १९५६ मध्ये भारत स्वतःच ‘परकी विमान कंपनी’ म्हणून सिडनीत उतरला. एका सार्वभौम देशाने दुसऱ्या सार्वभौम देशाशी बोलणी करून हा हक्क मिळवला होता. वसाहतीला हे शक्य नव्हते. या मार्गाचे खरे मोल येथे आहे.

२१/ आणि त्याची मर्यादाही येथेच आहे. श्रुतलेखनाची परीक्षा १९५६ मध्ये कायद्यात शाबूत होती! ती रद्द झाली १९५८ मध्ये. कोलंबो योजनेखाली आशियाई विद्यार्थी शिकण्यास जात, व्यापारी आणि खेळाडू जात, पण मुदत संपली की परत. १९६६ मध्ये निर्बंध सैल झाले आणि १९७३ मध्ये व्हिटलॅम सरकारने वंशाची अट पूर्णपणे काढून टाकली. भारतीय विमान पोहोचल्यावर सतरा वर्षांनी भारतीय माणसाला बरोबरीची वागणूक मिळाली.

२२/ पुढची कहाणी तुमच्या ओळखीची आहे. २०१३ मध्ये एअर इंडियाने दिल्लीहून सिडनी आणि मेलबर्नला थेट विमाने सुरू केली. सप्टेंबर २०२२ मध्ये क्वांटासने सिडनी ते बंगळूरु मार्ग उघडला. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबईहून मेलबर्नला थेट विमान निघाले. बारा दिवसांचा प्रवास सुमारे बारा तासांवर आला.

२३/ आता पुन्हा सोलापूर. होटगी रस्त्यावर धावपट्टी अनेक वर्षे होती, पण नियमित विमान नव्हते. उड्डाणमार्गात साखर कारखान्याची चिमणी येत होती. वाद वर्षानुवर्षे चालला आणि १५ जून २०२३ रोजी ती पाडली गेली. गोव्याला जाणारे विमान उडाले ते जून २०२५ मध्ये. चिमणी शेतकऱ्यांच्या कारखान्याची होती. त्यामुळे एकाचा मार्ग मोकळा होताना दुसऱ्याचे नुकसान झाले, हेही इतिहासात नोंदवायला हवे.

२४/ म्हणून नव्या विमानमार्गाची बातमी वाचाल, तेव्हा नकाशावरील रेषेपाशी थांबू नका. तीन प्रश्न विचारा. उतरण्याची परवानगी कोणी दिली? मधल्या थांब्याला काय मिळाले? आणि विमानातून उतरणाऱ्याला त्या देशाचे दार कितपत उघडे आहे? १९५६ च्या मार्गाने पहिल्या प्रश्नाचे उत्तर बदलले. तिसऱ्याचे बदलण्यास १९७३ उजाडावे लागले.

२५/ तुमच्या घरात कोणी त्या काळी विमानाने किंवा बोटीने ऑस्ट्रेलियाला गेले असेल, तर जुनी तिकिटे, पत्रे, पारपत्रांवरील शिक्के जपून ठेवा आणि त्यांची आठवण येथे अवश्य लिहा. कायदे ग्रंथालयात सापडतात, पण शिक्का मारताना अधिकारी काय म्हणाला, हे घरातच कळते. थ्रेड आवडल्यास इतिहासप्रेमी मित्रांपर्यंत पोहोचवा. 🙏