शपथ कोणाची, इमान कोणाशी : सातारा-सांगलीतील सैनिकी निष्ठेच्या अभ्यासाची प्रस्तावना

समोरच्या जमावावर गोळी झाडण्याचा हुकूम सुटतो, तेव्हा बंदूक हातात असलेला माणूस काय करतो, यावर अनेक क्रांत्यांचे भवितव्य ठरले आहे. १७८९ साली पॅरिसमध्ये राजाच्याच रक्षक पलटणीतले सैनिक बॅस्तीवर चाल करणाऱ्या लोकांना जाऊन मिळाले. १९१७ मध्ये पेट्रोग्राडच्या छावणीने लोकांवर गोळ्या झाडायचे नाकारले आणि काही दिवसांत झारची गादी गेली. १९७४ साली लिस्बनमध्ये सैन्यातल्या तरुण कप्तानांनीच हुकूमशाही उलथवली. त्यानंतरच्या पोर्तुगीज सरकारने वर्ष संपता संपता गोव्याचे भारतातले विलीनीकरण मान्य केले. सैन्य आणि क्रांती यांच्या नात्यावर कॅथरीन चोर्ली या विदुषीने १९४३ सालीच ग्रंथ लिहिला, आणि तेव्हापासून हा विषय जगभर अभ्यासला जातो आहे.

मराठी वाचकाला आणि विद्यार्थ्याला या विषयात उतरायचे असेल, तर पॅरिसपासून सुरुवात करायची गरज नाही. कृष्णाकाठच्या दोन जिल्ह्यांत, शंभर-सव्वाशे वर्षांच्या अवधीत, शपथ मोडण्याचे, राखण्याचे आणि मोडल्याचा आळ घेतला जाण्याचे इतके वेगवेगळे प्रसंग घडले आहेत, की या अभ्यासाचे बहुतेक मूलभूत प्रश्न इथेच भेटतात. सातारा आणि सांगली यांचा विचार एकत्र करण्याचे कारण साधे आहे. स्वातंत्र्यापर्यंत आजच्या सांगलीचा बराच भाग सातारा जिल्ह्यातच होता. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. त्यातच सांगली, मिरज, औंध, फलटण अशी संस्थाने विखुरलेली होती. एका गावचा फौजदार इंग्रजांचा, तर शेजारच्या गावचा संस्थानिकाचा. निष्ठेच्या सीमा इथे शिवारातून जात होत्या.

पहिला प्रसंग १८३६ चा आहे. १८१८ नंतर इंग्रजांनी छत्रपती प्रतापसिंह महाराजांना साताऱ्याच्या गादीवर बसवले आणि १८१९ मध्ये त्यांच्याशी तह केला. सतरा वर्षांनी त्याच महाराजांवर आरोप आला, की त्यांनी मुंबई सैन्याच्या २३ व्या पलटणीतल्या दोन सुभेदारांना फितवण्याचा प्रयत्न केला. शिवगुलाम सिंग आणि गुलझार मिसर ही त्या सुभेदारांची नावे. आपल्याकडे प्रस्ताव आल्याचे त्यांनी वरिष्ठांना सांगितले, आणि पुढच्या गाठीभेटी वरिष्ठांच्या संमतीने झाल्या. गुप्त चौकशी बसली. १८३९ च्या सप्टेंबरमध्ये महाराजांना पदच्युत करून काशीला पाठवण्यात आले आणि १८४७ मध्ये तिथेच त्यांचे निधन झाले. त्यांचे वकील रंगो बापूजी गुप्ते यांनी लंडनमध्ये तेरा-चौदा वर्षे राहून हा सारा खटला बनावट असल्याचे मांडले. त्यांच्या हाती काही लागले नाही, आणि १८४८ मध्ये राज्यच खालसा झाले.

या प्रसंगाचे मोल फार मोठे आहे. इथे शपथ कोणी मोडलीच नाही. ती राखल्याचे सांगणाऱ्या दोन अधिकाऱ्यांच्या जबानीने मात्र एक गादी हलली. म्हणून आपल्या क्षेत्राचा पहिला धडा असा : शपथभंगाचा आरोप हेही सत्तेच्या हातातले हत्यार असते, आणि निष्ठावंताची साक्षही बंडखोराच्या साक्षीइतकीच कसून तपासावी लागते. ती कोणासमोर दिली गेली, कोणत्या भाषेत उतरवली गेली, देणाऱ्याला बढती मिळाली की बदली, हे विचारल्याशिवाय कागद वाचला असे म्हणता येत नाही.

दुसरा प्रसंग १८५७ चा. लंडनहून परतलेल्या रंगो बापूजींनी साताऱ्यात उठावाची जुळवाजुळव केली. पलटणीतले शिपाई फुटतील, तुरुंग उघडेल, खजिना हाती येईल, अशी ती योजना होती. ती आधीच फुटली आणि धरपकड सुरू झाली. ८ सप्टेंबर १८५७ रोजी साताऱ्याच्या गेंडामाळावर सतरा जणांना मृत्युदंड देण्यात आला. काहींना फाशी, काहींना गोळ्या, काहींना तोफेच्या तोंडी. रंगो बापूजींचा मुलगा सीताराम त्यांत होता. रंगो बापूजी स्वतः मात्र इंग्रजांच्या हाती कधीच लागले नाहीत.

तिकडे कोल्हापुरात ३१ जुलैच्या रात्री २७ व्या पलटणीने उठाव केला. रामजी शिरसाट हे त्यातले ठळक नाव. तो मोडायला साताऱ्याहून दक्षिण मराठा घोडदळाची एक तुकडी लेफ्टनंट विल्यम केर याच्या हाताखाली भर पावसाळ्यात सुमारे पंचाहत्तर मैल दौडत गेली. बंडवाल्यांनी धरलेल्या पागेचा दरवाजा फोडण्यात केरच्या बरोबर गणपतराव देवकर हा मराठा स्वार होता, आणि त्याने केरचा जीव वाचवल्याचे त्या काळच्या वृत्तान्तांत नमूद आहे. केरला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला; हिंदी सैनिकांना ते पदक मिळण्याची सोय १९११ पर्यंत नव्हतीच. शिरसाट आणि देवकर, दोघेही मराठी मुलखातले, दोघांनीही एकाच कंपनीचे मीठ खाल्लेले. त्या पागेच्या एका बाजूला एक पलटण होती आणि दुसऱ्या बाजूला दुसरी. इतिहासाच्या पुस्तकांत पहिल्याला शोधून काढण्याची आपली धडपड योग्यच आहे, पण दुसऱ्याला वगळून पहिल्याचा निर्णय कळत नाही. देवकरला भेकड किंवा देशद्रोही म्हणून मोकळे होणे सोपे आहे. त्याचे राखलेले इमान त्याच्या दृष्टीने कोणाशी होते, हे समजून घेणे हा अभ्यास आहे.

तिसरा प्रसंग १९४२ चा. सप्टेंबरच्या पहिल्या दहा दिवसांत जिल्ह्यात कचेऱ्यांवर मोर्चे निघाले. ३ सप्टेंबरला तासगावच्या कचेरीवर गोळीबार न होता तिरंगा चढला. ९ सप्टेंबरला वडूजला आणि १० सप्टेंबरला इस्लामपूरला मात्र गोळ्या सुटल्या आणि माणसे हुतात्मा झाली. तेच सरकार, तोच जिल्हा, एका आठवड्याचा फरक. हा पोलिसांचा आणि महसुली अधिकाऱ्यांचा प्रश्न आहे, सैन्याचा नव्हे, असे कोणी म्हणेल. पण शस्त्र, पगार आणि शपथ या तिन्ही गोष्टी तिथेही होत्या. कचेरीतल्या अधिकाऱ्याची भीती, मोर्चाचा आकार, पुढाऱ्यांची शिस्त, आदल्या मोर्चानंतर वरून आलेला दबाव, यांपैकी कशाने फरक पडला? तुलनेसाठी याहून चांगली सामग्री अभ्यासकाला क्वचितच मिळते.

याच चळवळीतून पुढे क्रांतिसिंह नाना पाटील यांचे प्रतिसरकार आणि त्याची तुफान सेना उभी राहिली. औंध संस्थानातले कुंडल हे तिचे मोठे केंद्र. या सेनेने स्वतःचे हुद्दे निर्माण केले. ‘कॅप्टन भाऊ’ म्हणून ओळखले गेलेले रामचंद्र लाड यांना त्यांची कॅप्टनकी इंग्रज राजाने दिलेली नव्हती. त्याच काळात या भागातले हजारो तरुण मराठा पलटणींतून आफ्रिकेत आणि इटलीत लढत होते. साताऱ्याजवळच्या अपशिंग्यासारख्या गावाने तर पहिल्या महायुद्धातच ४६ जवान गमावले होते. एकाच पंचक्रोशीत दोन सेना, दोन सरकारे आणि दोन प्रकारच्या शपथा नांदत होत्या.

चौथ्या प्रसंगात या दोन्ही धारा एकत्र येतात. सिंगापूर पडल्यावर हिंदी सैन्यातले हजारो युद्धकैदी आझाद हिंद फौजेत गेले. सावंतवाडीकडचे जगन्नाथराव भोसले तिथे मेजर जनरल झाले. १९४५ च्या नोव्हेंबरात लाल किल्ल्यात शाहनवाज खान, प्रेम सहगल आणि गुरुबक्षसिंग ढिल्लाँ यांच्यावर खटला उभा राहिला, तेव्हा भुलाभाई देसाईंनी नेमका शपथेचाच मुद्दा हाती घेतला : परतंत्र देशातल्या सैनिकाची राजनिष्ठा आणि देशनिष्ठा यांत विरोध आला, तर देशासाठी लढण्याचा त्याला हक्क आहे. न्यायालयाने त्यांना दोषी ठरवले, पण सरसेनापती ऑकिनलेक यांनी जन्मठेपेची शिक्षा माफ केली. याच सुमारास वाळव्याच्या नागनाथअण्णा नायकवडींनी आझाद हिंद फौजेतल्या सैनिकांना लष्करी शिक्षण देण्यासाठी आपल्याकडे आणले होते. फेब्रुवारी १९४६ मध्ये शिराळा भागातल्या मणदूरला पोलिसांशी झालेल्या चकमकीत किसन अहिर यांच्याबरोबर त्यांतले नानकसिंग हुतात्मा झाले. वारणेच्या खोऱ्यातल्या गावांनी त्यांची आठवण जपली, ती आपला माणूस म्हणून.

हे चार प्रसंग शेजारी शेजारी ठेवले की एक सूत्र दिसू लागते. सैनिक शपथ एकटा घेतो. मोडतो तेव्हा मात्र तो सहसा एकटा नसतो. १८३६ चे दोन सुभेदार, त्यांच्या नावांवरून पाहता, उत्तर हिंदुस्थानातले होते. साताऱ्याच्या राजासाठी नोकरी, निवृत्तिवेतन आणि मान पणाला लावावा असे त्यांचे इथे काही नव्हते. १८५७ मध्ये साताऱ्याच्या कटाला पलटणीबाहेरची माणसे भरपूर मिळाली. पलटणीच्या आतून पुरेशी साथ मिळण्याआधीच तो फुटला. १९४६ मध्ये मात्र परमुलखातल्या सैनिकाला भाकरी देणारी, लपवणारी आणि त्याच्या मागे उभी राहणारी गावे होती. जुन्या धन्याला सोडताना माणूस विचारतो, की उद्या मला आपले कोण म्हणणार? ज्या क्रांतीकडे या प्रश्नाचे उत्तर असते, तिला सैनिक मिळतात. माझ्या मते या क्षेत्राचे हेच मध्यवर्ती गृहीतक व्हावे. ते कागदपत्रांनी सिद्ध व्हावे किंवा खोटे ठरावे; दोन्हींत अभ्यासाचा लाभच आहे.

साधने हाताशी आहेत. मुंबई आणि पुण्याच्या पुराभिलेखागारांत सरकारी कागद आहेत. सातारा प्रकरणाची कागदपत्रे ब्रिटिश पार्लमेंटने छापली, आणि त्यांच्या आधारे बी. डी. बसू यांनी १९२२ मध्ये सातारा राज्याची कहाणी लिहिली. १८५७ साठी कोल्हापूरला आलेला अधिकारी ल ग्रँड जेकब याचे आत्मकथन आहे. ते विजेत्याचे आहे हे लक्षात ठेवून वाचावे. प्रतिसरकारावर ए. बी. शिंदे यांचा ग्रंथ आणि कासेगावात वास्तव्य केलेल्या गेल ऑम्व्हेट यांचे लेखन आहे. न वाचले गेलेले बरेच काही अजून घरांत आहे : जुन्या पलटणींची सेवापुस्तके, पेन्शनचे कागद, मोडीतली पत्रे. निवृत्तिवेतन बंद झाल्यावर घर कोणी चालवले, जप्ती आली तेव्हा दारात कोण उभे होते, हे बायकांच्या आठवणींतून कळते. शपथभंगाची किंमत बहुतेक वेळा त्यांनीच चुकवली आहे, आणि आजवरच्या लेखनात त्यांना सर्वांत कमी जागा मिळाली आहे.

नव्या अभ्यासकाला माझे एवढेच सांगणे आहे, की त्याने निवाडा घेऊन येऊ नये. ‘फितूर’ आणि ‘क्रांतिकारक’ हे शिक्के निकाल लागल्यानंतर बसतात. निर्णयाच्या क्षणी सैनिकापुढे निकाल नसतो. त्याच वेळी, सगळेच सारखे असेही म्हणू नये. राजाला, कंपनीला किंवा व्यक्तीला दिलेला शब्द आणि लोकांनी स्वतः केलेल्या राज्यघटनेला दिलेला शब्द यांत मूलभूत अंतर आहे. आज आपला जवान घटनेशी निष्ठेची शपथ घेतो. ती शपथ जुन्या शपथांपेक्षा भक्कम का आहे, हे नुसते गौरवाने सांगून पुरत नाही. ज्यांनी पूर्वीच्या शपथा राखल्या आणि ज्यांनी मोडल्या, त्या दोघांच्याही बाजू समजून घेतल्या तरच ते कारण स्पष्ट मांडता येते. त्यासाठी सैनिकांच्या आणि हुतात्म्यांच्या या दोन जिल्ह्यांतल्या तरुणांनी या अभ्यासात यावे. काम पुष्कळ आहे, आणि त्यांचा त्यावर पहिला हक्क आहे.